रंगीत स्लाइड आणि डिजिटल चित्र

आपल्याकडील कित्येक घरांत, कपाटाच्या वरच्या फळीवर, पुठ्ठ्याच्या चौकटींत बसविलेल्या रंगीत स्लाइडांची एखादी पेटी अजून आढळते. परदेशी नोकरीस गेलेल्या कुणा आप्ताने घेतलेली ती चित्रे असतात. हल्ली ती स्कॅनरने उतरवून संगणकावर ठेवण्याची रीत पडली आहे. आणि ते काम उरकले, की मूळ स्लाइडा आता ठेवायच्या कशाला, असा प्रश्न घरात निघतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी दोन्ही प्रकारची चित्रे कशी घडतात, हे पाहिले पाहिजे.

स्लाइडच्या फिल्मवर तांबडा, हिरवा व निळा प्रकाश टिपणारे थर एकावर एक दिलेले असतात. त्यामुळे चित्राच्या प्रत्येक ठिकाणी तिन्ही रंगांची साक्ष मिळते. डिजिटल कॅमेऱ्याचे तसे नाही. त्याच्या संवेदकावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक घरावर एकाच रंगाची गाळणी असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या १९७६ सालच्या पेटंटातील रचनेनुसार निम्मी घरे हिरव्याची, पाव तांबड्याची व पाव निळ्याची. उरलेले दोन रंग शेजारच्या घरांवरून गणिताने ठरविले जातात.

३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असते. स्कॅनरने इंचाला ४००० बिंदू घेतले, तर एकूण सुमारे २ कोटी १४ लक्ष बिंदू होतात, आणि प्रत्येकात तिन्ही रंग मोजलेले! मग स्लाइडच सरस म्हणावयाची काय? येथे घाई करू नये. हा आकडा स्कॅनरच्या पावलांचा आहे, चित्रातील तपशिलाचा नव्हे. फिल्मवरील रंग बारीक कणांच्या ढगांनी बनलेला असतो, आणि तांदूळ मापताना खडेही मापात यावेत, तसे ते कणही स्कॅनर इमानाने मोजतो. त्यामुळे पुष्कळदा कमी बिंदूंचे डिजिटल चित्रच अधिक स्वच्छ दिसते.

उजेड-काळोखाच्या बाबतीत तर डिजिटलची सरशी निर्विवाद आहे. प्रकाश दुप्पट होणे ही एक पायरी मानली, तर स्लाइड अशा पाच-सहा पायऱ्या सांभाळते. चांगला डिजिटल कॅमेरा बारा व त्याहून अधिक. भर दुपारी अंगणातील ऊन आणि ओसरीवर बसलेली आजी, दोन्ही स्लाइडवर नीट येणे कठीण. शिवाय स्लाइडचा काळोखा भाग अतिशय दाट असतो. स्वस्त स्कॅनर तेथे अडखळतो, आणि आजीच्या चेहऱ्याऐवजी नुसता करडा रवाळपणा हाती येतो. तो चेहरा स्लाइडवर मात्र असू शकतो. म्हणूनच मूळ स्लाइड टाकून देणे मला अविचाराचे वाटते. उद्या अधिक चांगला स्कॅनर मिळाला, तरी त्याच्यापुढे ठेवावयास तीच लागेल.

अर्थात ती जपणे सोपे नव्हे. फिल्मवरील जिलेटिन हे बुरशीचे खाद्य, आणि आपला पावसाळा तर बुरशीचा सोयराच! पेटी कोरड्या जागी, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. १९३५ साली निघालेल्या कोडॅक्रोम फिल्मचे रंग अंधारात दीर्घकाळ टिकतात, पण प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे वारंवार धरल्यास उडू लागतात. तिचे उत्पादन २००९ साली थांबले. तिचे एक अखेरचे रीळ छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांनी २०१० साली वापरले. त्यातील काही चित्रे मुंबईत व राजस्थानात घेतलेली आहेत. ते रीळ ज्या प्रयोगशाळेत धुतले गेले, त्या अमेरिकेतील पार्सन्स गावच्या प्रयोगशाळेनेही त्या वर्षाच्या अखेरीस कोडॅक्रोम स्वीकारणे बंद केले. आज एखाद्या पेटीच्या तळाशी त्या फिल्मचे न धुतलेले रीळ सापडलेच, तर त्यातून फार तर कृष्णधवल चित्र निघेल.