दुधाच्या पिशवीचा कोपरा

दुधाची पिशवी फोडताना आपण कात्रीने कोपरा उडवतो. तो तिकोनी तुकडा ओट्यावरून मोरीत जातो, नाहीतर भाजीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्यात. आमच्या इमारतीतला कचरा नेणाऱ्या ताई एकदा जिन्यातच म्हणाल्या, "कोपरा तोडू नका, नुसता चिरा द्या. ते तुकडं हाताला लागत न्हाईत." पुण्यात इतकी वर्षं राहून हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचं काम बघायला मी त्यांच्यामागून कचरा वेगळा करण्याच्या शेडवर गेले.

तिथे आंबलेल्या दुधाचा वास भरून होता. न धुतलेल्या चार पिशव्या अख्ख्या गोणीला तो वास लावतात. दीडशे घरांचा सुका कचरा ताई जमिनीवर ओततात आणि पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, काच, पत्रा वेगळं करतात. प्लास्टिक आलं की हात मंदावतो. पिशवी मुठीत चुरगाळायची, आवाज ऐकायचा, मग ढीग ठरवायचा. हातमोजे त्यांनी काढून कमरेला खोचले होते. ते घातले की बोटांना प्लास्टिक ओळखू येत नाही. भंगाराच्या दुकानात प्रत्येक ढिगाला निराळा भाव. "कागदाला आमटी लागली, की मग त्याला कोण इचारतंय?"

वेफर्सच्या आणि बिस्किटांच्या चकचकीत पुड्या मात्र कुठल्याच ढिगात गेल्या नाहीत. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर त्यात एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्या घेत नाही. दीडशे घरांच्या कचऱ्यात या पुड्यांचा ढीग ताईंच्या गुडघ्याएवढा झाला होता. हा ढीग कमी करणं ताईंच्या हातात नाही. दुकानात पुडी उचलणाऱ्या आपल्याच हातात आहे.

मग वर्तमानपत्राची एक गुंडाळी आली. ताई थांबल्या, बोटाच्या टोकाने दाबून पाहिलं आणि ती बाजूला सरकवली. डायपर किंवा पॅड असेल तर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढंच कचरा वेचणाऱ्या बायकांचं मागणं आहे. या गुंडाळीवर ठिपका नव्हता. तो हात मला अजून दिसतो.

या बायका पूर्वी कचराकुंडीत वाकून हेच वेचत होत्या. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली आणि त्या संघटित झाल्या. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते. पुढे 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली आणि महापालिकेच्या करारानुसार त्या दारोदार येऊ लागल्या. जे वेचलं जात नव्हतं ते शहराबाहेर टाकलं जायचं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी या शहराच्या कचऱ्याची दुर्गंधी वर्षानुवर्षं सोसली आहे. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा देणं 2016 च्या घनकचरा नियमांनी प्रत्येक घरावर बंधनकारक केलं. तरीही वेगळं करायचं काम ताईंवरच पडतं, आणि महिन्याचे पैसे मागायला ताई दारात उभ्या राहिल्या की आपण घासाघीस करतो, याची मला लाज वाटते.

"दीडशे घरांतली वीस घरं नीट देतात," ताई म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. वीस.

तुमच्या घरी उद्या दूध येईल. पिशवीला चिरा द्या, कोपरा तिलाच राहू द्या, पिशवी विसळून वाळवा आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी द्या.