जुनी सायकल: गिअर बदलावेत का?

मोशीहून चाकण एमआयडीसीत ड्युटीला जाण्यापुरती जुनी गिअरची सायकल घेतली असेल, तर आधी फूटपट्टी काढा. नव्या चेनचे 24 जोड बरोबर 12 इंचांत मावतात. सोळांश इंच वाढ दिसली तर फक्त चेन बदला. अष्टमांश झाली तर मागचे दातेही झिजलेले असणार, तेव्हा दोन्ही एकदमच.

गिअर अडखळतो म्हणून चेन सरकवणारा डिरेलर बदलायची घाई नको. पावसाळ्यातल्या चिखलाने केबल जाम होते, नाहीतर सायकल पडून डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकलेला असतो. दोन्ही कामं किरकोळ.

सात गिअरच्या स्वस्त सायकलींत मागच्या दात्यांचा संच म्हणजे बहुधा आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असतं. तिथे नऊ गिअरची कॅसेट (हबवर सरकवून बसवायचा दात्यांचा संच) हवी असेल तर हब किंवा अख्खं चाक, शिफ्टर, चेन आणि बहुतेकदा डिरेलरही नवा लागतो. एवढा खर्च जुन्या फ्रेमवर? माझ्या मते नाही. भंडारा डोंगर चढायचाय? मग 14-28 काढून 14-34 दात्यांचं फ्रीव्हील बसवा. डिरेलरला 34 दाते पेलतात का, एवढं मेकॅनिककडून आधी बघून घ्या.