खोकी तक्रार करत नाहीत

अमेरिकेत मालवाहू विमानं उडवणाऱ्यांना 'फ्रेट डॉग' म्हणतात. शिवी वाटावी असं हे नाव ते स्वतःच मिरवतात. प्रवासी कंपनी सोडून इकडे येऊ का, असं एखाद्या तरुण को-पायलटनं विचारलं, तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: खोकी तक्रार करत नाहीत. खोक्यांना खिडकीची जागा लागत नाही. ती दारू पिऊन शेजारच्या खोक्याशी भांडत नाहीत आणि पाऊण तास उशीर झाला म्हणून मोबाइल उगारून व्हिडिओ काढत नाहीत. विमान थांबलं, इंजिनं बंद केली, बॅग उचलली आणि निघालं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो होतो. मग अपघातांचे चौकशी अहवाल वाचले, विश्रांतीचे नियम वाचले, पगाराच्या करारांच्या बातम्या चाळल्या. तेव्हा हेच वाक्य निराळा अर्थ घेऊन पुढ्यात येत राहिलं. तक्रार न करणारा माल पाठीशी असला, की वैमानिकाच्या वतीनं तक्रार करायलाही कुणी उरत नाही.

या धंद्याचं घर मेम्फिस. 17 एप्रिल 1973 च्या रात्री फेडरल एक्स्प्रेसच्या, म्हणजे आजच्या फेडेक्सच्या, 14 छोट्या फाल्कन जेट विमानांनी 25 शहरांसाठी सेवा सुरू केली. पहिल्या रात्रीचा माल म्हणजे 186 पाकिटं. कंपनीचा संस्थापक फ्रेड स्मिथ व्हिएतनाममध्ये मरीन म्हणून लढून आलेला. त्याची कल्पना आपल्या मुंबईकराला समजावून सांगावी लागत नाही. डबेवाले गोळा केलेले डबे स्टेशनात आणतात, तिथे ते पत्त्यांप्रमाणे पिसले जातात आणि मग आपापल्या दिशेला जातात. तसंच देशभरातलं प्रत्येक पाकीट रात्री एकाच गावी आणायचं, तिथे वाटणी करायची आणि उजाडायच्या आत परत पाठवायचं. शेजारच्या शहरात जाणारं पाकीटही आधी मेम्फिस पाहून येणार. फाल्कनसारखं पिटुकलं विमान निवडलं ते हौसेनं नव्हे. परवान्याच्या कटकटीशिवाय मोठं विमान चालवता येत नव्हतं. 1977 मध्ये हवाई मालवाहतुकीवरचे निर्बंध उठले, तेव्हा कुठे बोइंग 727 आली. स्मिथ जून 2025 मध्ये वारला. फाल्कनच्या जागी तोवर शेकडो विमानांचा ताफा उभा राहिला होता.

यूपीएस या दुसऱ्या बड्या कुरिअर कंपनीनं असंच गाव केलं लुईव्हिल. स्वतःच्या नावाची विमान कंपनी तिनं 1988 मध्ये सुरू केली.

या गावांतली रात्र कशी असते? दहा-साडेदहानंतर विमानं ओळीनं उतरू लागतात. मध्यरात्रीच्या आसपास पट्ट्यांवरून लाखो खोकी धावत असतात. या वाटणीला सगळे नुसतं 'सॉर्ट' म्हणतात. ती संपली की दोन-अडीचपासून विमानं पुन्हा निघतात. मधले दोन-तीन तास वैमानिकाला काम नसतं. या कंपन्यांनी त्यासाठी निजायच्या खोल्या बांधल्या आहेत: अंधाऱ्या, छोट्या, गजर लावलेल्या. बऱ्याच प्रवासी कंपन्यांना जे सुचलं नाही ते इथे आहे, हे मान्य केलं पाहिजे. पण माणसाच्या शरीराचा काटा पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान सर्वांत खाली असतो आणि नेमकी तीच इथली कामाची वेळ. लालबाग-परळच्या चाळींत तिसरी पाळी करून आलेला माणूस दिवसा झोपला, की पोरांना गॅलरीत खेळायला बंदी असे. हॉटेलच्या पॅसेजमध्ये व्हॅक्युम क्लीनर फिरवणाऱ्याला तशी बंदी करता येत नाही. सकाळी सातला पडदे ओढून झोपलेला वैमानिक अकराला जागा होतो, कूस बदलत पडून राहतो आणि रात्री पुन्हा विमानात चढतो.

मग जातं तरी कोण? आणि का?

अमेरिकेतल्या वैमानिकाच्या आयुष्यावर एका आकड्याचं राज्य चालतं: सिनिऑरिटी नंबर. रुजू झाल्याच्या तारखेवरून तो पडतो. कोणतं विमान, कोणतं गाव, कॅप्टनची खुर्ची कधी, नाताळची सुट्टी मिळणार की नाही, सगळं त्यावर. आणि हा नंबर कंपनीबाहेर कवडीमोल. वीस वर्षं कॅप्टन असलेला माणूस दुसऱ्या कंपनीत गेला की सव्वीस वर्षांच्या पोराच्या मागे रांगेत उभा राहतो, पगारही पहिल्या वर्षाचा. वर 65 व्या वर्षी सक्तीची निवृत्ती. (ही मर्यादा 2007 च्या डिसेंबरपर्यंत 60 होती. ती वाढली तेव्हा वरच्यांना पाच वर्षं मिळाली आणि खालच्यांची बढती तेवढीच लांबली.) त्यामुळे पंचविशीतल्या को-पायलटला जो प्रश्न साधा नोकरीबदलाचा वाटतो, तोच पंचेचाळिशीतल्या कॅप्टनला संसार पुन्हा भातुकलीपासून मांडण्यासारखा वाटतो. कुठली कंपनी चांगली, हे विचारून इथे भागत नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं कुठली कंपनी वाढत राहील, हे ओळखावं लागतं. ते तर कंपनीच्या मालकालाही माहीत नसतं.

एकेकाळी उत्तर सोपं वाटे. 11 सप्टेंबर 2001 नंतर प्रवासी कंपन्यांनी हजारो वैमानिकांना 'फर्लो'वर पाठवलं. आपल्याकडे फर्लो म्हटलं की तुरुंगातून काही दिवस सुटून आलेला कैदी आठवतो. तिकडे तो बिनपगारी घरी बसवलेला वैमानिक, कंपनीच्या यादीत नाव असलेला आणि कंपनीच्या बोलावण्याची वाट पाहणारा. युनायटेड 2002 मध्ये दिवाळखोरीत गेली, डेल्टा 2005 मध्ये. दोन्हीकडच्या वैमानिकांची जुनी पेन्शन योजना त्या दिवाळखोरीत बुडाली. ज्यानं तीस वर्षं त्या पेन्शनच्या भरवशावर घराचे हप्ते फेडले, त्याचं काय झालं असेल याची कल्पना करा. त्याच वर्षांत मेम्फिसवाल्यांची पेन्शन शाबूत होती आणि वैमानिकांना फर्लोवर न पाठवणारी कंपनी अशी फेडेक्सची ख्याती होती. साहजिकच प्रवासी गणवेश उतरवून माणसं रांगेत उभी राहिली. झोप गेली तरी चालेल, पोरांची कॉलेजं होतील, हा हिशोब चुकीचा म्हणता येत नाही.

त्या हिशोबात कायद्याचा रकाना मात्र अनेकांनी रिकामा सोडला.

12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं छोटं विमान एका घरावर कोसळलं आणि 50 माणसं गेली. वैमानिकांच्या थकव्यावर देशभर चर्चा झाली. मृतांचे नातेवाईक वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडून बसले आणि त्यांनी अमेरिकन काँग्रेसकडून कायदा करवून घेतला. त्यातून विश्रांतीचे नवे नियम आले आणि 4 जानेवारी 2014 पासून लागू झाले: ड्यूटी किती वाजता सुरू होते त्यावरून तिची लांबी 9 ते 14 तास आणि आधी किमान 10 तासांची विश्रांती. हे नियम मालवाहू विमानांना लागू नाहीत. पहिल्या मसुद्यात ती होती, अंतिम नियमातून वगळली गेली. कारण सरकारी भाषेत खर्च आणि लाभाचं: मालवाहू कंपन्यांवर पडणारा बोजा वाचणाऱ्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठा निघाला. निघणारच. लाभ मोजताना वाचलेले जीव मोजतात आणि मालवाहू विमानात जीव दोनच. मागे दीडशे माणसं बसली असती तर तीच झोप महाग ठरली असती. देशांतर्गत मालवाहू उड्डाणांवर 16 तासांपर्यंतची ड्यूटी आजही कायदेशीर आहे. प्रत्यक्षात मोठ्या कंपन्यांत संघटनेच्या करारामुळे ती कमी होते. पण करार म्हणजे कायदा नव्हे, तो दर काही वर्षांनी टेबलावर येतो.

मालवाहू विमानं वगळण्याविरुद्ध यूपीएसच्या वैमानिकांची संघटना कोर्टात गेली. नियम लागू व्हायला पाच महिने उरले असताना, 14 ऑगस्ट 2013 च्या पहाटे, लुईव्हिलहून निघालेलं यूपीएसचं एअरबस ए 300 अलाबामातल्या बर्मिंगहॅमला धावपट्टीच्या अलीकडच्या टेकाडावर आदळलं. मुख्य धावपट्टी दिव्यांच्या दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून आखूड धावपट्टीवर उतरायचं होतं. विमान हवं त्यापेक्षा वेगानं खाली येत राहिलं आणि दोघांच्याही ते वेळेत ध्यानात आलं नाही. दोघंही गेले. चौकशीत कॉकपिटमधलं संभाषण ऐकलं गेलं. निघण्यापूर्वी ते दोघं नव्या विश्रांतीच्या नियमांबद्दलच बोलत होते, सुरक्षितता सगळ्यांना सारखी का नाही, याबद्दल. अहवालानं चूक वैमानिकांच्या पदरात घातली आणि थकवा हे एक कारण मानलं. पण सुट्टीच्या वेळात पुरेशी झोप घेतली नाही, हा ठपकाही को-पायलटवर ठेवला. अहवाल तांत्रिकदृष्ट्या चोख आहे. तरी ते संभाषण वाचल्यावर मी तो मिटून ठेवला. त्या दिवशी पुढे वाचवलं नाही.

तरी पुढची सात वर्षं प्रवासी कंपन्या सोडून इकडे उडी मारणारे थांबले नाहीत. मग कोविड आला. 14 एप्रिल 2020 ला अमेरिकेतल्या सगळ्या विमानतळांवर मिळून सुरक्षा तपासणीतून गेले 87,534 प्रवासी. आदल्या वर्षी त्याच दिवशी हा आकडा 22 लाखांच्या घरात होता. जगातला जवळपास निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. ती विमानंच उभी राहिल्यावर मालवाहू विमानांना सोन्याचा भाव आला. प्रवासी वैमानिक लवकर निवृत्ती घेत होते आणि मेम्फिस, लुईव्हिलला भरती चालली होती. 13 डिसेंबर 2020 ला मिशिगनमधून फायझरच्या लशीची पहिली खोकी निघाली ती याच दोन कंपन्यांच्या विमानांतून. फ्रेट डॉग रातोरात देशाचे नायक झाले. सगळ्यांचे नव्हे. हाँगकाँगला उतरणाऱ्या वैमानिकांचं आयुष्य विलगीकरणाच्या नियमांनी इतकं नकोसं केलं, की 2021 मध्ये फेडेक्सनं तिथला वैमानिकांचा तळच बंद केला.

2020-21 मध्ये ज्यांनी उडी मारली त्यांना वाटलं, वेळ अचूक साधली. दोन वर्षांत वारं फिरलं. लोक प्रवासाला निघाले, विमानांची पोटं पुन्हा भरू लागली, घरपोच खरेदीचा पूर ओसरला. 2023 मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी चार वर्षांत 34 टक्के वाढीचा करार मिळवला, युनायटेड आणि अमेरिकन एअरलाइन्सनं पाठोपाठ तसेच करार केले. फेडेक्सच्या वैमानिकांपुढे आलेला करार त्यांनी त्याच वर्षी 57 टक्के मतांनी धुडकावला. त्यानंतरच्या शरद ऋतूत फेडेक्सनं आपल्याकडे वैमानिक जास्त झाल्याचं सांगून त्यांना एक वाट सुचवली: पीएसए या प्रादेशिक कंपनीत जा. तिथे ऐंशीच्या आत आसनांची छोटी जेट विमानं. ज्या पायरीवरून माणसं मेम्फिसला चढली होती तीच पायरी. कॉलेज संपवून बड्या कंपनीत लागलेल्या माणसाला पुन्हा शाळेच्या बाकावर जागा आहे म्हणून सांगावं, तसं हे. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 2024 मध्ये, अमेरिकी टपाल खात्याचं वीसहून अधिक वर्षांचं कंत्राटही फेडेक्सकडून यूपीएसकडे गेलं. ते टपाल बरंचसं दिवसा उडे. म्हणजे फेडेक्सच्या वैमानिकाच्या वाट्याचा उजेड होता तोही घटला.

मालवाहू विमानं म्हातारी असतात, हेही उडी मारणाऱ्याला ठाऊक असतं. प्रवाशांना नकोसं झालेलं विमान आसनं काढून, मोठा दरवाजा बसवून मालासाठी घेतात. ही चांगली काटकसर आहे, देखभाल नीट असेल तर धोकाही नाही. तीन इंजिनांचं एमडी-11 प्रवाशांना घेऊन शेवटचं उडालं 2014 मध्ये. खोक्यांना घेऊन पुढे अकरा वर्षं उडत राहिलं. 4 नोव्हेंबर 2025 च्या संध्याकाळी लुईव्हिलहून होनोलुलूला निघालेल्या यूपीएसच्या एमडी-11 चं डावं इंजिन उड्डाण घेतानाच पंखापासून तुटून निघालं. विमानातले तिघं आणि जमिनीवरची दहाहून अधिक माणसं गेली. हे विमान 1991 मध्ये थाई एअरवेजच्या प्रवाशांसाठी बनलेलं. इंजिन पंखाला धरून ठेवणाऱ्या भागात थकव्याच्या भेगा सापडल्या. धातूच्या झिजेलाही तिकडचे इंजिनियर थकवाच म्हणतात, आपणही म्हणतो. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी एमडी-11 जमिनीवर बसवली.

आपल्याकडे ही निवड अजून फारशी होत नाही, कारण पर्यायच मोजके. मुंबईत 1983 मध्ये सुरू झालेल्या ब्लू डार्टनं 1996 पासून स्वतःची विमानं उडवली, चेन्नईला मुख्य तळ ठेवून, मुख्यतः रात्रीच. कॅप्टन गोपीनाथ यांची डेक्कन 360 आली आणि दोन वर्षांत मिटली. अलीकडे इंडिगोनं ए 321 विमानं मालासाठी घेतली, अॅमेझॉनसाठी क्विकजेट उडू लागली. आपल्या वैमानिकाला आणखी एक अडचण: 2017 च्या सरकारी नियमाप्रमाणे कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची नोटीस, को-पायलटला सहा महिन्यांची. अमेरिकेतल्या लाटा पाहिल्या तर एका वर्षात वारं दोनदा फिरू शकतं.

आणि प्रवाशांनी तक्रार केली की वैमानिकाची झोप वाढते, हेही गृहीत धरू नये. साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तास करणारे, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणणारे नवे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये पूर्ण लागू झाले. पुढच्याच महिन्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग आणि संतापलेली माणसं दिसली. सरकारनं काय केलं? त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली.

फेडेक्सची पहिली रात्र होती 17 एप्रिल 1973. बरोबर 46 वर्षांनी, 17 एप्रिल 2019 च्या रात्री, जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईकडे निघालं. त्यानंतर जेटच्या वैमानिकांतले काही दुसऱ्या कंपन्यांत गेले, काही परदेशी, काहींनी कॉकपिट सोडलं. वर्षानुवर्षं जपलेला त्यांचा नंबर त्या रात्री मुंबईत उतरला तो तिथेच राहिला.