सागरतळावरील पहारेकरी

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्र्यानजीक सागरतळ हादरला. तेथून उसळलेल्या त्सुनामी लाटांना तमिळनाडूचा किनारा गाठण्यास सुमारे दोन तास लागले. परंतु त्या अवधीत लोकांना सावध करील अशी यंत्रणाच हिंदी महासागरात नव्हती. भारतात १०,००० हून अधिक माणसे दगावली. पुढे सरकारी निधीतून ही यंत्रणा उभी राहिली आणि ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबाद येथे इशारा केंद्र सुरू झाले. समुद्राच्या तळाशी ठेवलेले दाबमापक यंत्र पाण्याच्या पातळीतील अल्पसा फरकही टिपते; ध्वनिलहरींच्या द्वारे ती नोंद वर तरंगणाऱ्या बोयाकडे आणि तेथून उपग्रहामार्फत केंद्राकडे जाते. खाऱ्या पाण्यात उपकरणे झिजतात. म्हणून खरेदीइतकीच त्यांच्या देखभालीचीही तरतूद दरवर्षी करावी लागते. लाट न आलेल्या वर्षी हा खर्च अनाठायी वाटेल. पण पहारेकऱ्याचे वेतन कोणी चोरी झाल्यावर ठरवीत नाही.