क्रशर बंद पडतो, धूळ छातीतच राहते

गावाशेजारच्या टेकडीवर खडीची खाण सुरू झाली की पहिली तक्रार घरातली बाई करते. वाळत घातलेले धुणे करडे होते, हंड्यातल्या पाण्यावर थर येतो, भाकरी दाताखाली कचकचते. मग सुरुंगाच्या हादऱ्याने भिंतींना तडे जातात, डंपरने रस्ता उखडतो. गाव जागे होते. ग्रामसभेत ठराव होतो, तहसीलवर मोर्चा जातो.

अशा लढ्यांतली निवेदने आम्ही वाचतो. तडे, विहीर, रस्ता, पीक हे सगळे त्यात सविस्तर असते. आरोग्याबद्दल मात्र एकच ओळ असते, ‘नागरिकांच्या आरोग्यास धोका आहे.’ आणि खाणीत सुरुंगाची भोके पाडणारा, क्रशरपाशी पाट्या उचलणारा मजूर तर निवेदनात कुठेच नसतो. तो बहुधा आपल्याच वस्तीतला असतो, नाहीतर बाहेरून आलेला वडार किंवा आदिवासी बांधव असतो.

म्हणून मोर्चाच्या दिवशी वस्तीत दोन तट पडतात. ‘खाण बंद झाली तर चूल कशी पेटणार?’ हा प्रश्न खोटा नाही. पण त्याच घरात लेकरू रात्रभर खोकते, हेही खोटे नाही. या दोन्ही गोष्टी एकाच निवेदनात आल्या पाहिजेत, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

धूळ छातीत काय करते?

डोळ्यांना दिसते ती जाड धूळ बरीचशी नाक-घशात अडकते. जी दिसत नाही ती फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते. दगडात सिलिका असेल तर तिचे बारीक कण तिथे रुततात, भोवती व्रण धरतात आणि फुफ्फुस कडक होत जाते. हा सिलिकोसिस. बहुतेकांना तो दहा किंवा अधिक वर्षांच्या कामानंतर जाणवतो. धूळ फार असेल तर काही वर्षांतच दिसतो. चढ चढताना दम लागतो, कोरडा खोकला जात नाही, वजन उतरते. झालेली इजा भरून काढणारे औषध नाही. काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो. क्षयरोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

सगळा दगड सारखा नसतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यात मोकळी सिलिका कमी असते. नांदेडच्या देगलूर-बिलोली भागातला ग्रॅनाइट आणि पूर्व विदर्भ व सिंधुदुर्गातले कठीण दगड यांत ती जास्त असते. पण काळ्या दगडाची धूळही निरुपद्रवी नव्हे. दमा, जुनाट खोकला, डोळ्यांची जळजळ तीही देते. लहान मुले आणि म्हातारी माणसे आधी आजारी पडतात.

लाल कुआँचा धडा

दिल्लीच्या दक्षिण टोकाला लाल कुआँ ही क्रशर मजुरांची वस्ती आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथले क्रशर 15 ऑगस्ट 1992 पासून बंद झाले आणि त्यांना हरियाणातील पाली इथे जागा देण्यात आल्या. दिल्लीची हवा सुधारावी म्हणून हा निर्णय होता. पण मजूर तिथेच राहिले, धूळ त्यांच्या छातीत राहिली. पुढे माणसे खोकू लागली, क्षयाची औषधे घेत राहिली. भरपाई मागायला गेल्यावर विचारणा झाली, ‘तुम्ही क्रशरवर होता याचा पुरावा?’ मस्टर नाही, ओळखपत्र नाही. 2006 साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात न्यावा लागला.

गुजरातेत दगड दळण्याच्या कारखान्यांत राबलेल्या मध्य प्रदेशातील आदिवासींचेही तेच झाले. 2016 मध्ये 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश न्यायालयाने दिला, पण तोवर माणसे गेली होती. राजस्थानने 2019 मध्ये सिलिकोसिस धोरण आणले. त्यात निदानाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर 3 लाख आणि मृत्यूनंतर 2 लाखांची तरतूद आहे. खाण बंद होण्याआधी मजुरांची नोंद झाली नाही, तर पुढे त्यांच्या बाजूने कागद बोलत नाही.

कायद्याचा आधार

सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दीपक कुमार खटल्यात सांगितले की वाळू, खडी यांसारख्या गौण खनिजाची खाण 5 हेक्टरपेक्षा लहान असली तरी पर्यावरण मंजुरी लागते. क्रशरसाठी केंद्राचे मानक आहे. यंत्रापासून 3 ते 10 मीटर अंतरावर हवेतील धूळ घनमीटरमागे 600 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. धूळ अडवणारी आच्छादने, पाण्याची फवारणी, वारा रोखणाऱ्या भिंती, आतले पक्के रस्ते आणि कडेने झाडे हवीत. माहिती अधिकारात पर्यावरण मंजुरीची आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची प्रत मागा. हरित न्यायाधिकरणाचे पीठ पुण्यात आहे. तिथे वाद न्यायचा तर कारण प्रथम घडल्यापासून साधारण 6 महिन्यांतच जावे लागते, म्हणून तारखा लिहून ठेवा.

वस्तीने आजपासून काय करावे?

एक, वही करा. कोण, कुठल्या खाणीवर, कुठल्या वर्षापासून, कोणत्या कामावर, हे लिहा. मुकादमाचे नाव, मजुरीची चिठ्ठी, दोन सोबत्यांच्या सह्या जोडा. काम सोडून गेलेल्यांनाही त्यात घ्या.

दोन, दवाखान्यात गेल्यावर आधी कामाचे सांगा. ‘दगडखाणीत इतकी वर्षे काम केले’ हे केसपेपरवर लिहून घ्या. हे न सांगितल्याने सिलिकोसिसला नुसताच क्षय समजले जाते.

तीन, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी आणि एक्स-रे दोन्ही तपासा. क्षय निघाला तर सरकारी औषधे मध्येच सोडू नका. कोर्स संपूनही दम लागत असेल तर जिल्हा रुग्णालयात पुन्हा दाखवा.

चार, तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही. एन-95 दर्जाचा मास्क आणि पाणी मारून काम, ही मालकाची जबाबदारी आहे. कामाचे कपडे घरात झटकू नका, बाहेरच भिजवा. बिडी-तंबाखू सोडा.

पाच, ग्रामसभेच्या ठरावात तीन वाक्ये घाला. खाणीतल्या सर्व आजी-माजी मजुरांची एक्स-रेसह तपासणी व्हावी. त्यांची यादी ग्रामपंचायतीच्या दप्तरी राहावी. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी या तपासणीला आणि पर्यायी कामाला मिळावा.

ही तीन वाक्ये ठरावात असली की ‘चूल कशी पेटणार’ असे विचारणारा माणूसही सही करायला पुढे येतो. खाण चालू राहो की बंद होवो, त्याच्या छातीचा हिशेब त्या कागदावर चढलेला असतो.