उपजीवक कीं स्वतंत्र ?

ऊर्जानगरांत राहणाऱ्यांस यंत्रांचें नवल उरत नाहीं. इरई धरणाचें पाणी, भोवतालच्या खाणींचा कोळसा आणि २९२० मेगावॅट क्षमतेचें महाऔष्णिक विद्युत् केंद्र यांच्या सान्निध्यांत आमची वसाहत नांदते. तथापि गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं जो वाद माजला, तो दाराशीं उभ्या असलेल्या मोटारीच्या तळहाताएवढ्या मेंदूविषयीं होता. आमच्या पुतण्यास गाडीची शक्ति वाढवावयाची होती. त्याच्या एका मित्राचें म्हणणें, मूळ मेंदूच्या जोडीस एक पेटी बसवावी. दुसऱ्याचें म्हणणें, मूळ मेंदूच काढून नवा घालावा. पहिल्या प्रकारास पिगीबॅक व दुसऱ्यास स्टँडअलोन म्हणतात. निवाडा आमच्याकडे आला. यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु पूर्वपक्ष नीट समजून घेतल्यावांचून सिद्धान्त करूं नये, एवढें आम्ही मुलांस आयुष्यभर शिकवीत आलों.

प्रथम हा मेंदू करतो काय तें पाहूं. पेट्रोल पूर्णपणें जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें १४.७ पट हवा लागते. हवा किती आली, ती किती उष्ण आहे, इंजिन किती वेगानें फिरत आहे, हें सारें निरनिराळे सेन्सर सांगतात. त्यावरून किती इंधन सोडावें आणि ठिणगी नेमकी केव्हां पाडावी, हें मेंदू ठरवितो. १९६७ सालीं वोक्सवॅगनच्या गाडींत बॉशची विजेच्या नियंत्रणाची इंधनपद्धति आली. १९७९ मध्यें इंधन आणि ठिणगी हीं दोन्ही कामें एकाच मेंदूकडे सोंपविण्यांत आलीं. आजचा मेंदू हा घरच्या जुन्या कारभाऱ्यासारखा आहे. पंखा, वातानुकूलन, चोरीपासून रक्षण, सर्वांशीं त्याचें बोलणें चालू असतें.

पिगीबॅक पेटीस आम्ही ‘उपजीवक’ म्हणतों. ती कारभाऱ्यास हटवीत नाहीं. त्याच्याकडे येणारा किंवा त्याच्याकडून जाणारा निरोप वाटेंत बदलते. डिझेल गाडींत ती इंधनाच्या नळींतील दाब आहे त्याहून कमी असल्याचें कळविते. मेंदू बिचारा दाब वाढवितो, अधिक इंधन जातें आणि जोर येतो. अशी मध्यस्थी नेहमींच वाईट असते असें नाहीं. पेट्रोलच्या गाडीस मागाहून सी. एन्. जी. बसवितात, तेव्हां मेंदूनें पेट्रोलसाठीं दिलेली आज्ञा वायूच्या भाषेंत उतरविणारी पेटी याच जातीची आहे. तो प्रामाणिक दुभाषी होय.

परंतु दुभाषी असत्य बोलूं लागला म्हणजे काय होतें? बाजारांत एक अगदीं स्वस्त युक्ति मिळते. ती बाहेरची हवा थंड असल्याचा खोटा निरोप मेंदूस देते. आमच्या चंद्रपुरांत मे महिन्यांत पारा ४६-४७ अंशांवर जातो. २५ अंशांवरील हवेच्या मानानें ४७ अंशांची हवा सुमारें सात टक्के विरळ असते, आणि तप्त हवेनें इंधन अवेळीं भडकून इंजिनांत ठोके बसण्याचा संभव वाढतो. म्हणूनच मेंदू उन्हाळ्यांत ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्याला ‘माघ महिना आहे’ असें सांगणें म्हणजे ऐन वैशाखांत लोकरी बंडी घालावयास लावणेंच होय! शिवाय धुरांतील प्राणवायू मोजणारा सेन्सर खरी स्थिति कळवितो, आणि मेंदू हळूहळू पेटीची करामत पुसूनही टाकतो. ज्याच्या आधारावर उभें राहावयाचें त्याच्याशींच विरोध करावयाचा, या दोषास आमच्या शास्त्रांत ‘उपजीव्यविरोध’ असें नांव आहे.

मग स्वतंत्र मेंदू बरा? तो कोणाशीं खोटें बोलत नाहीं, हें खरें. पण तो कोऱ्या पाटीसारखा येतो. वेग आणि भार यांचें कोष्टक १६ गुणिलें १६ धरलें तरी २५६ घरें होतात. तीं मोजून भरावयाचीं, मग थंडींतील सुरुवात व संथ फिरणें हेंही शिकवावयाचें. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला शर्यतीच्या गाडीस तो शोभतो. तेथें नियमानेंच पेट्रोल इंजिनाची सर्व हवा २० मिलिमीटरच्या छिद्रांतून घ्यावी लागते, म्हणून कारखान्याचें मूळ कोष्टक निरुपयोगी ठरतें. घरच्या गाडीची गोष्ट निराळी.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें नोंदणींतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

हें सारें ऐकूनही पुतण्या म्हणाला, “काका, पण इतकी मुलें बसवितात, त्यांचें काय बिघडलें?” आम्हीं एवढेंच विचारलें, “वहिनींस दर महिन्यास औषधोपचारासाठीं नागपुरास नेतोस. दीडशें किलोमीटरांची वाट. वरोऱ्यापुढें भर दुपारीं इंजिन बसलें, तर त्या पेटीनें मिळविलेला जोर कोणाच्या उपयोगी?” तो बराच वेळ बोलला नाहीं. वहिनींनींच आंतून हांक मारली, “त्याला नुसतें नाहीं म्हणूं नका, शिकायला कांहीं तरी द्या.”

तें आम्हांस पटलें. घरच्या गाडीस उपजीवकही नको आणि स्वतंत्रही नको. हवेची गाळणी, तेल आणि चाकांतील हवा वेळेवर पाहावी, असा निवाडा झाला. मात्र भंगारांतून मोटारसायकलचें एक जुनें इंजिन आणण्यास आम्हीं आमच्या निवृत्तिवेतनांतून पैसे दिले. २००१ सालीं अमेरिकेंतील बोलिंग व ग्रिपो या दोघांनीं मेगास्क्वर्ट नांवाचा, हौशी माणसानें स्वतः जोडावा असा स्वतंत्र मेंदू पुढें आणला. त्याच धर्तीवर पुतण्याची खटपट मागील अंगणांत चालू आहे. इंजिन अद्याप सुरू झालेलें नाहीं. परंतु कोष्टकाचीं घरें भरतांना त्याला जो गणिताचा नाद लागला आहे, तो शाळेंत आम्हांला लावतां आला नव्हता, हें कबूल केलें पाहिजे.