पद्मिनीचे पाटे आणि गंजाचे रसायन

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये तेथील टॅक्सीसेवेतून निवृत्त झालेली प्रीमियर पद्मिनी ही मोटार आता हौशी जतनकर्त्यांच्या हाती आहे. तिच्या पुढील चाकांना गुंडाळी स्प्रिंगा आणि मागील चाकांना पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, आधार देतात. वाळूच्या फवाऱ्याने, म्हणजे सँडब्लास्टिंगने, हे भाग उघडे केले की ताज्या पोलादाचा ओलाव्याशी व प्राणवायूशी संपर्क येऊन काही तासांतच गंज धरू लागतो. कोरड्या हवेच्या गावातही पावसाळ्यात हा धोका टळत नाही, म्हणून ग्रीस पूर्ण काढून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर देणे श्रेयस्कर ठरते.

स्प्रिंगांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी, कारण आम्लात बुडवल्यास किंवा विजेच्या साहाय्याने जस्ताचा मुलामा दिल्यास हायड्रोजनचे अणू कठीण पोलादात शिरतात आणि त्याला ठिसूळ करतात. या दोषाला हायड्रोजन-ठिसूळता म्हणतात आणि त्यामुळे भाराखालील स्प्रिंग अचानक तुटू शकते. त्याउलट सुमारे २०० अंश सेल्सिअसला भाजली जाणारी पावडर कोटिंग स्प्रिंगच्या पोलादाचा कठीणपणा कमी करत नाही, कारण त्याचे पाणी याहून बऱ्याच अधिक तापमानाला उतरवलेले, म्हणजे टेंपरिंग केलेले, असते. मात्र सस्पेन्शनच्या इतर भागांनाही ही कोटिंग द्यायची असेल तर भट्टीपूर्वी रबरी बुश काढावे लागतात, आणि आटे व बॉल जॉइंटची निमुळती भोके झाकावी लागतात.

पाट्यांच्या घासणाऱ्या पृष्ठभागांवर जाड रंगाऐवजी ग्रॅफाइट ग्रीस योग्य ठरते. जतनात दिसण्यापेक्षा सुरक्षितता आधी येते, हे प्रत्येक जतनकर्त्याने मनाशी पक्के धरावे.